केबल समुद्रात तुटो की गावात, दुसरी वाट हवी

सप्टेंबर २०२५ मध्ये सौदी अरबस्तानात जेद्दाहजवळ लाल समुद्रातल्या इंटरनेट केबल तुटल्या. आपल्याकडे इंटरनेट मंदावले, पण बंद पडले नाही. २००८ च्या जानेवारीत इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या, तेव्हाही बरीचशी वाहतूक पूर्वेकडून, पॅसिफिकमार्गे वळवून काम भागवले.

हे जमते कसे? जाळ्याच्या नाक्यानाक्यावर राउटर नावाचे यंत्र असते. कुठे कोणत्या वाटेने जाता येते, हे ते शेजारच्या राउटरला कळवते. वाट तुटली की 'इकडून येऊ नका' असा निरोप पुढे जातो आणि काही सेकंदांत, फार तर मिनिटांत, उरलेली वाट धरली जाते. ती लांबची, तिथे गर्दी. म्हणून वेग घटतो.

पण दुसरी वाट असली तरच! पाट फुटला तर पाणी दुसऱ्या चारीने सोडता येते. चारीच नसेल तर पाटकरी काय करणार? जेसीबीच्या एका फटक्यात ग्रामपंचायतीची एकुलती केबल तुटली, की दाखले अडतात, शेतकऱ्याचा हेलपाटा वाया जातो.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने १,३९,५७९ कोटींची सुधारित भारतनेट योजना मंजूर केली. तिच्यात केबल कड्यासारखी, म्हणजे दोन बाजूंनी जोडायची आहे. सरपंच-सदस्य मंडळी, आपल्या गावाचे कडे पुरे झाले का, हे ग्रामसभेत विचारा. दोन्ही केबल एकाच चरात टाकल्या असतील, तर ते कडे नव्हेच!