धाप लागण्यामागचा दडलेला उच्चदाब

जिना चढताना धाप लागते, घरकाम आटोपताना पाय भरून येतात, घाईने चालल्यावर डोळ्यांसमोर अंधारी येते. तिशी-चाळिशीतील स्त्रीने अशी तक्रार केली की तिला रक्तक्षय, दमा, वाढलेले वजन किंवा मनावरचा ताण यांपैकी एखादे कारण सांगितले जाते. बहुतेक वेळा ते खरेही असते. मात्र ते खरे नसते तेव्हा फुफ्फुसांतील रक्तवाहिन्यांचा एक गंभीर विकार दृष्टीआड राहतो. पल्मनरी हायपरटेन्शन हे त्याचे वैद्यकीय नाव. लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जातो, असे अनेक देशांतील नोंदी सांगतात. उपचारांत मोठी प्रगती झाली असली, तरी हा विलंब फारसा घटलेला नाही.

दंडाला पट्टा बांधून मोजला जाणारा रक्तदाब आणि हा दाब यांचा थेट संबंध नाही. हृदयाच्या उजव्या कप्प्यातून फुफ्फुसांकडे जाणारे रक्त अत्यंत कमी दाबाने वाहते. निरोगी व्यक्तीत तो दाब सरासरी 14 मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. 2022 च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार तो 20 च्या वर गेल्यास विकार मानला जातो. पूर्वी ही मर्यादा 25 होती. उजव्या कप्प्याची भिंत पातळ असते. वाढत्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता ती थकते आणि अखेरीस हृदय निकामी होते.

कारणांनुसार या विकाराचे पाच गट केले जातात. डाव्या बाजूच्या हृदयविकारामुळे किंवा फुफ्फुसांच्या जुनाट आजारामुळे दाब वाढणे, हे त्यांतील सर्वांत सामान्य. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने खराब झालेली हृदयाची झडप, क्षयाने पोखरलेली फुफ्फुसे आणि चुलीच्या धुराने जडलेला श्वसनविकार यांचा त्यात मोठा वाटा आहे. खऱ्या अर्थाने दुर्मीळ आहे तो धमन्यांचाच आजार. दर दहा लाख प्रौढांमागे त्याचे साधारण 50 रुग्ण आढळतात आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक असते. काही कुटुंबांत तो आनुवंशिक असतो. त्याच्याशी निगडित बीएमपीआर-2 या जनुकाचा शोध 2000 मध्ये लागला. त्वचा कडक करणारा स्क्लेरोडर्मा, यकृताचे विकार, एचआयव्ही आणि वेळेवर न बुजवलेले हृदयातील जन्मजात छिद्र यांतूनही तो उद्भवतो. भूक मारणाऱ्या गोळ्यांनीही तो दिला आहे. अमिनोरेक्स या औषधामुळे 1960 च्या दशकात स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि जर्मनीत रुग्णांची अशीच लाट आली होती.

संशय आल्यावर पहिली चाचणी म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, अर्थात इको. मात्र इको केवळ अंदाज देते. शिरेतून नळी घालून हृदयाच्या उजव्या बाजूचा दाब प्रत्यक्ष मोजल्यावरच निदान पक्के होते. त्यानंतरचा प्रश्न गट कोणता हा, कारण एका गटाचे औषध दुसऱ्या गटाला अपायकारक ठरू शकते.

येथेच सर्वांत महागडी चूक घडते. फुफ्फुसांत अडकलेली रक्ताची गुठळी काही रुग्णांत विरघळत नाही. ती धमनीच्या भिंतीला चिकटून कायमचा अडथळा बनते. फुफ्फुसांतील हवा आणि रक्तपुरवठा यांची तुलना करणारे स्कॅन केल्यास हा प्रकार ओळखता येतो. शरीराचे तापमान सुमारे 20 अंशांपर्यंत उतरवून, रक्ताभिसरण थोडा थोडा वेळ थांबवून ही गुठळी खरवडून काढली जाते. शस्त्रक्रिया अवघड आहे आणि मोजक्याच केंद्रांत होते. पण योग्य रुग्णाला तिच्यामुळे जवळजवळ सामान्य आयुष्य परत मिळू शकते. स्कॅनच झाले नाही, तर तोच रुग्ण वर्षानुवर्षे केवळ गोळ्यांवर राहतो.

धमन्यांच्या आजारात 1980 च्या दशकातील अमेरिकी नोंदींनुसार निदानानंतरचे मध्यम आयुर्मान 2.8 वर्षे होते. आज बोसेन्टान, अँब्रिसेन्टान, टाडालाफिल, सिल्डेनाफिल अशी औषधे एकत्रितपणे दिली जातात आणि चित्र बरेच पालटले आहे. यांतील सिल्डेनाफिल म्हणजे व्हायाग्रातील घटक. चिठ्ठीवर ते नाव पाहून संकोचाने औषध सोडणे रुग्णाला घातक ठरू शकते. धमनीच्या भिंतीची वाढ रोखण्याच्या दिशेने काम करणाऱ्या सोटाटरसेप्ट या इंजेक्शनला अमेरिकेत मार्च 2024 मध्ये मान्यता मिळाली. गर्भधारणा मात्र या रुग्णांसाठी आजही जिवावरची जोखीम आहे, आणि ते घरच्यांनाही स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे.

खरी अडचण धोरणाची आहे. आयुष्मान भारत योजना प्रतिकुटुंब वर्षाला 5 लाख रुपयांचे संरक्षण देते, पण ते रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांना. जन्मभर रोज घ्यायच्या गोळ्यांचा खर्च त्यात बसत नाही. परिणामी निदान होऊनही औषध अर्ध्यावर सुटते, रुग्ण पुन्हा दाखल होतो आणि त्या महागड्या मुक्कामाचा खर्च मात्र सरकार उचलते. ठरावीक गोळ्या सरकारी औषधालयातून नियमित देणे त्याहून शहाणपणाचे ठरेल.

गोव्यासारख्या लहान राज्याला याचा आरंभ तुलनेने सोपा आहे. पेडणे असो वा काणकोण, बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे. रक्तक्षय आणि दम्याचे उपचार करूनही काही आठवड्यांत धाप उतरली नाही, तर प्राथमिक आरोग्य केंद्राने रुग्णाला इकोसाठी पाठवावे, एवढा साधा नियमही पुष्कळ काही साधेल. श्रमाच्या वेळी भोवळ आली किंवा पाय सुजू लागले, तर तेवढीही वाट पाहू नये.