राबणाऱ्यांनाही बीपी असतो

‘बीपी हा खुर्चीत बसणाऱ्यांचा आजार. उन्हातान्हात राबणाऱ्याला कशाचा होतोय?’ पूर्णेवरच्या धरणाकाठी वसलेल्या येलदरीत काय किंवा जिंतूर तालुक्यातल्या इतर कुठल्या गावात काय, पारावर हे वाक्य हमखास ऐकू येते. गावात बीपी तपासणी नि व्यायामाचे उपक्रम हवेत, असे कुणी म्हटले की त्याला गप्प बसवायला एवढे पुरते.

हा समज गडचिरोलीने केव्हाच खोटा पाडला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथल्या ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणे शोधली, तेव्हा सर्वाधिक बळी पक्षाघाताचे निघाले. दर सात मृत्यूंमागे एक. ही माणसे शेतात आणि रानात राबणारीच होती आणि त्यांतली बहुतेक घरातच गेली. पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण उच्च रक्तदाब. त्याला शेताचा बांध आडवा येत नाही.

शिवाय शेतकाम बारमाही सारखे नसते. पेरणी-काढणीला अंग मोडेपर्यंत काम, मग कित्येक आठवडे बसून. जोडीला तंबाखू आणि ताटातले मीठ: ठेचा, लोणचे, पापड, खारवलेल्या मिरच्या. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते; आपल्याकडे सरासरी त्याच्या दीडपटीहून जास्त खाल्ले जाते.

दुसरा आक्षेप जास्त घातक आहे: ‘मला काही होत नाही, मग मोजायचे कशाला?’ पण वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत-खुपत नाही. जगातल्या उच्च रक्तदाबाच्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना आपल्याला तो आहे हेच ठाऊक नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ वर्षांवरील २१ टक्के स्त्रियांचा आणि २४ टक्के पुरुषांचा रक्तदाब वाढलेला किंवा औषधावर असलेला आढळला. न मोजता हे कळणार कसे?

‘गोळी एकदा लागली की सुटत नाही’ हे तिसरे भय. बहुतेकांना ती कायम घ्यावी लागते, हे खरेच आहे. पण त्या धास्तीने बरे वाटताच गोळी सोडणाऱ्याचा रक्तदाब पुन्हा चढतो आणि मग अर्धे अंग लुळे पडण्याची वेळ येते. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे करताना घर पार खचते, हे ज्यांनी पाहिले त्यांना गोळी जड वाटणार नाही.

आता मंडनाकडे. वर्षातून एकदा मंडप टाकून घेतलेल्या शिबिराचा फायदा थोडाच. तिथे बीपी वाढलेला दिसलेला माणूस पुढच्या महिन्यात कुठे असतो, हे कुणी विचारत नाही. २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने (महाराष्ट्रात सुरुवातीला सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा) नेमकी हीच फट बुजवली. ठरलेली औषधे, एका वेळी महिन्याभराच्या गोळ्या, न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा. केंद्र सरकारच्या माहितीनुसार २०२२ पर्यंत उपचार घेणाऱ्यांपैकी ४७ टक्क्यांचा रक्तदाब आटोक्यात होता. उपक्रमापूर्वी समाजात हे प्रमाण ७.३ टक्के होते. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेच्या खेड्यांत आरोग्यसेविकांनी घरोघरी जाऊन बीपी मोजला, सल्ला दिला, तेव्हा दोन वर्षांत वरचा आकडा नेहमीच्या उपचारापेक्षा पाच अंकांनी जास्त उतरला.

मोजणेही नीट हवे. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसायचे, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर, पट्टा सदऱ्यावरून गुंडाळायचा नाही, दोनदा मोजायचे. घाईत, उभ्या-उभ्या घेतलेला आकडा फसवतो.

व्यायामाने रक्तदाब पाच ते आठ अंकांनी उतरतो. १७० वरच्या माणसाला तेवढे पुरणार नाही, म्हणून चालणे गोळीच्या जोडीला, तिच्या जागी नाही. आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चालायचे. पण एकटी बाई सकाळी चालायला निघाली की ‘हिला कामधंदा नाही का’ असे विचारणारेच जास्त. यावर बचत गटाने मिळून चालणे हा उत्तम उपाय आहे.

येलदरीच्या ग्रामपंचायतीने आशाताई आणि बचत गटांना हाताशी धरून हे काम हाती घ्यावे: महिन्यातला एक ठरलेला दिवस, तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची नोंदवही, दांडी मारणाऱ्याच्या घरी फेरी. मोजण्याचे यंत्र दोन-अडीच हजारांत येते. पहिली नोंद सरपंचांनी स्वतःची करावी.