सांध्यातले रबर

जुनी मोटार हौसेने नवी करायला घेतलेल्या एखाद्या गृहस्थाला भेटा. तो तुम्हांला रंगाविषयी सांगेल, इंजिनाविषयी सांगेल, बंपरात स्वतःचा चेहरा कसा लख्ख दिसतो तेही सांगेल. दाराच्या कडेने फिरणाऱ्या रबराच्या पट्टीविषयी मात्र तो चकार शब्द काढणार नाही. दार उघडल्यावाचून ती दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याचे कौतुक कोण करणार? पण मोटार आणखी किती वर्षे जगायची हे पुष्कळदा त्या पट्टीवरच ठरते.

आमच्या थोरल्या बंधूंकडे, म्हणजे अण्णांकडे, वडिलांची १९७५ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. इटलीच्या फियाट ११०० वरून कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी ही गाडी पुष्कळांना आठवते ती मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने. त्यांपैकी नोंदणी असलेल्या शेवटच्या टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. वडिलांच्या मागे आमची पद्मिनी पाच पावसाळे ताडपत्रीखाली उभी होती. ताई म्हणे, "अण्णा, विकून टाक. भंगारवाला तरी नेईल." अण्णा म्हणत, "एकदा रंग लागू दे, मग बघ." अखेर घरच्या पंचायतीत निवाडा झाला : गाडी दुरुस्त करायची, पण येत्या पावसाळ्यात आत पाणी आले, तर निमूटपणे विकायची.

मिस्त्री आला. त्याने रंगाकडे पाहिलेसुद्धा नाही. पायाखालची चटई उचलून तळाचा पत्रा बोटाने दाबला, आणि जुन्या पापडासारखा तो पिचला. "साहेब, रंग मागाहून. आधी पाणी कुठनं येतंय ते बघू," तो म्हणाला. समोरच्या काचेच्या कोपऱ्यातून शिरलेले पाणी आतल्या बाजूने गुपचूप उतरते, चटईखाली मुक्काम करते, आणि मालकाला पत्ता लागेपर्यंत पत्रा खाऊन मोकळे होते.

रबर बिचारे म्हातारे झालेले असते. गंधक आणि उष्णता यांच्या साहाय्याने रबराला टिकाऊ लवचिकपणा देण्याची युक्ती चार्ल्स गुडइयरला सापडली. १८४४ साली त्याने पेटंट घेतले आणि १८६० साली तो कर्जात बुडालेला असताच वारला. पण त्याच्या रबराचा शत्रू हवेतच असतो. त्याचे नाव ओझोन. ताणलेल्या रबरावर ओझोन हल्ला करतो आणि ताणाला आडव्या भेगा पाडतो. उन्हाने ते कडक होते ते निराळेच. हल्ली दारांच्या पट्ट्यांना ईपीडीएम नावाचे कृत्रिम रबर वापरतात. त्याला ओझोनचा उपद्रव फारसा होत नाही. पट्टी घेताना दुकानदाराला एवढे जरूर विचारावे. जुन्या पट्टीचा तुकडा कापून बरोबर न्यावा, कारण जाडी किंचित वाढली तरी दार लागायचे नाही.

व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला सांधा म्हटले की संधी आठवतो. दोन वर्ण भेटतात, आणि निदान एकाला तरी आपले रूप बदलावे लागते. पत्रा पत्र्यासाठी बदलत नाही, काच तर नाहीच नाही. म्हणून दोघांच्या वतीने रबर नमते घेते.

मिस्त्रीची रीत पाहण्यासारखी होती. सडका पत्रा कापून त्याने नवा जोडला. मग रंगापूर्वी नव्या पट्ट्या नुसत्या अडकवून दारे लावून पाहिली. नव्या रबराने दार बाहेर ढकलले जाते. ते रंगानंतर कळले तर बिजागऱ्या हलवताना रंगाचे टवके उडतात. रंग वाळल्यावर खरी बसवणी. जुने सोल्युशन खरवडून काढले, पट्टीचा जोड दाराच्या खालच्या बाजूला ठेवला आणि पट्टी मुळीच ओढली नाही. "ताणून बसवली की आज छान दिसते साहेब, चार दिवसांनी आखडते आणि कोपऱ्यात फट पडते."

समोरच्या काचेची गंमत आणखी. काचेभोवती रबर चढवायचे, त्याच्या बाहेरच्या खाचेत दोरी फिरवायची, साबणाचे पाणी लावायचे आणि काच बाहेरून चौकटीला टेकवायची. एकाने आत बसून दोरी हळूहळू ओढायची, दुसऱ्याने बाहेरून तळहाताने दाबत जायचे. दोरीबरोबर रबराची कड पत्र्यावरून अलगद आत उलटते. आत अण्णा होते, बाहेर मिस्त्री. घाई केली की काच तडकते. अण्णांना इतके सावकाश काम करताना मी प्रथमच पाहिले.

एवढ्यात आमच्या सौभाग्यवतींना दाराच्या तळाशी बारीक भोके दिसली. "मिस्त्री, इतकं रबर लावलंत, मग ही भोकं बुजवा की!" मिस्त्री हसला. "वहिनी, ती बुजवली तर दार दोन वर्षांत सडेल. वर-खाली होणाऱ्या काचेच्या फटीतनं दारात थोडं पाणी येणारच. ते बाहेर जायला वाट नको का?"

मी चाट पडलो. पाणी आत येऊच द्यायचे नाही, असा हट्ट चांगली गाडी धरत नाही. जेवढे अडवता येईल तेवढे अडवते, उरलेल्याला निघून जायला वाट ठेवते. घरातल्या रुसव्याफुगव्यांनाही अशी चार भोके असती, तर किती संसार गंजण्यापासून वाचले असते!

दारे लावून पट्टीची परीक्षा झाली. कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचे आणि कागद ओढायचा. सहज निघाला तर तिथे फट आहे असे समजावे. मग रबरी नळीने पाणी, तेही खालून वर चढत जाऊन, म्हणजे पाणी नेमके कुठे शिरते ते कळते.

जुलैत पावसाने तीन दिवस झोडपले. ताई मुद्दाम आली होती. तिने गाडीच्या तळाशी आदल्या रात्री वर्तमानपत्रे अंथरली, आणि सकाळी स्वतः एकेक कागद उचलून पाहिला. बाजूच्या छोट्या तिकोनी काचेखाली रुपयाएवढा एक ओला डाग होता. बाकी सारे कोरडे.

अण्णा श्वास रोखून उभे होते. ताईने तो डाग बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "बाबांच्या वेळीसुद्धा इथनं गळायचंच. माझा फ्रॉक भिजायचा."

विक्रीचा विषय पुन्हा निघाला नाही. वाचकहो, तुमच्या दारी अशी एखादी म्हातारी गाडी असेल, तर रबराला तेल वा पेट्रोल लावू नका, त्याने ते फुगते. साबणाच्या पाण्याने पुसा. आणि मे महिना सरण्यापूर्वी दाराखालची भोके तेवढी काडी घालून मोकळी करून ठेवा.