लिनक्समध्ये रस्ट आता पक्की झाली. आपल्या फोनला त्याचं काय?

डिसेंबर २०२५ मध्ये टोकियोत लिनक्स कर्नलच्या मेंटेनर्सची बैठक झाली. कर्नलमधली रस्ट ही भाषा आता 'प्रायोगिक' राहिलेली नाही, असं तिथे ठरलं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये ६.१ या व्हर्जनपासून तिचा शिरकाव झाला होता. बातमी प्रोग्रामर मंडळींची वाटते खरी, पण प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्स कर्नलच असतो. त्यामुळे मला तरी ही आपल्या खिशातली बातमी वाटते.

मूळ अडचण काय, ते आधी बघू. लिनक्सचा बहुतेक कोड सी भाषेत आहे. सीमध्ये माहितीचे गठ्ठे बांधतात, त्यांना स्ट्रक्चर म्हणतात. एका स्ट्रक्चरच्या पोटात दुसरं स्ट्रक्चर असू शकतं, जशी इमारतीत खोली. त्या आतल्या खोलीचा पत्ता, म्हणजे पॉइंटर, सीमध्ये कुणालाही देता येतो. उद्या इमारत पाडली तर तो पत्ता घेऊन फिरणाऱ्याचं काय होईल, हे सी विचारत नाही.

नेमकं हेच 'बॅड बाइंडर' प्रकरणात झालं. अँड्रॉइडमध्ये ॲप्सचं एकमेकांशी आणि सिस्टिमशी बोलणं बाइंडर नावाच्या ड्रायव्हरमधून चालतं. त्यात प्रत्येक थ्रेडसाठी एक स्ट्रक्चर असतं आणि त्याच्या पोटात 'वेट क्यू' असते. या आतल्या क्यूचा पत्ता कर्नलच्या ईपोल या दुसऱ्या भागाकडेही असायचा. थ्रेड संपला की बाहेरचं स्ट्रक्चर मोडायचं, पण ईपोलकडे जुना पत्ता तसाच राहायचा. त्या रिकाम्या जागी हल्लेखोर आपला डेटा बसवून थेट कर्नलवर ताबा मिळवू शकत होता. गुगलच्या प्रोजेक्ट झीरोने ऑक्टोबर २०१९ मध्ये हे जाहीर केलं, तेव्हा पिक्सेल २, रेडमी ५ए, रेडमी नोट ५, गॅलेक्सी एस७ ते एस९ असे फोन यादीत होते.

रस्टमध्ये आतल्या खोलीचा पत्ता इमारतीपेक्षा जास्त जगूच शकत नाही. तसा कोड लिहिला तर कंपायलर तो स्वीकारत नाही. मग प्रश्न सुटला का? पूर्ण नाही. आजूबाजूचा कर्नल अजून सीमध्येच आहे आणि रस्टला त्या सीच्या स्ट्रक्चर्समध्ये हात घालावाच लागतो. त्यासाठी बिंडजेन हे टूल सीच्या फाइल्स वाचून त्याच मापाचे रस्ट टाइप तयार करतं. कर्नलमध्ये उलटा प्रवासही सारखा होतो: खोलीचा पत्ता मिळतो, त्यातून ठरावीक अंतर वजा करून इमारतीचा पत्ता काढतात. खोली भलत्याच इमारतीतली निघाली तर सगळाच घोटाळा. ही वजाबाकी बरोबर आहे, याची खात्री कंपायलर देऊ शकत नाही. म्हणून ती 'अनसेफ' असं लिहिलेल्या छोट्या ब्लॉकमध्ये ठेवतात आणि त्यावर सुरक्षित आवरण घालतात. बाकीच्यांनी फक्त ते आवरण वापरायचं.

हे आवरण अभेद्य नाही. रस्टमध्ये नव्याने लिहिलेला बाइंडर ६.१८ व्हर्जनमध्ये आला आणि त्याच डिसेंबरमध्ये कर्नलच्या रस्ट कोडमधली पहिली सीव्हीई त्याच्याच नावावर लागली. चूक होती एका अनसेफ ब्लॉकमध्ये, लिस्टमधून घटक काढताना. परिणाम सिस्टिम क्रॅश होण्याचा. रस्टवर हसणाऱ्यांना निमित्त मिळालं, पण माझं वाचन वेगळं आहे. संशय कुठे घ्यायचा ती जागा आधीच खूण करून ठेवलेली होती. सीमध्ये अशी खूणच नसते.

आकडेही तेच सांगतात. गुगलच्या माहितीनुसार अँड्रॉइडच्या एकूण सुरक्षा त्रुटींत मेमरीशी संबंधित त्रुटींचा वाटा २०१९ मध्ये ७६ टक्के होता, तो २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला. तेही जुना सगळा कोड फेकून न देता, नवा कोड सुरक्षित भाषांत लिहून.

एक गोष्ट मात्र कुठलीच भाषा करू शकत नाही. बॅड बाइंडरची दुरुस्ती मूळ लिनक्समध्ये फेब्रुवारी २०१८ मध्येच झाली होती. ती कित्येक फोनपर्यंत पोहोचलीच नाही. म्हणून सेटिंग्जमध्ये जाऊन सिक्युरिटी अपडेटची तारीख आजच बघा. नवा फोन घेताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी विचारा, अपडेट किती वर्षं मिळणार?