परक्या नदीकाठचे गाणे

गेल्या गणेशोत्सवात आमच्या कळव्यात एका विद्वान गृहस्थांचे व्याख्यान झाले. डिस्कोने मराठी कान नासवला, हा त्यांचा सिद्धान्त. आणि मुख्य आरोपी म्हणून नाव घेतले ते बोनी एम. या मंडळीचे! त्यांचा राग मी समजू शकतो. ऐन रंगात बाहेर बेंजोवाले वाजवू लागले होते. सिद्धान्त मात्र साफ खोटा.

ते घसरले १९७८ सालच्या 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन'वर. "नदीकाठचा धांगडधिंगा!" म्हणाले. मी आपला मॅट्रिक शिकलेला मास्तर, माझे इंग्रजी बेताचेच. पण अहो, हे गाणे बायबलातल्या १३७ व्या स्तोत्रावरचे आहे! मायदेशातून धरून नेलेले यहुदी परक्या नदीकाठी बसून रडत आहेत, आणि धरून नेणारेच त्यांना म्हणत आहेत, गा की तुमची गाणी! जमैकाच्या मेलोडियन्स या त्रिकुटाने ते १९७० साली गायिले. फ्रँक फारियन या जर्मन निर्मात्याने पुढे त्याला नाचाचा ठेका दिला. बोनी एम.च्या गायिका लिझ मिचेल आणि मार्शिया बॅरेट याही जमैकात जन्मलेल्या. जिथे माणसे गुलाम करून जहाजांतून नेली, त्या बेटावरच्या लेकींनी हे गाणे गावे, यात थिल्लर काय?

कळव्यात तरी कोण राहते? आगरी-कोळी सोडले, तर बहुतेक आपण पोटासाठी आलेले उपरे. माझी आई रत्नागिरीकडची. खाडीच्या पुलावर उभी राहिली की जात्यावरच्या ओव्या पुटपुटे. शेजारणी म्हणत, "मोठ्याने म्हणा की हो, काकू!" की ती गप्प. तिचे ते गप्प होणे मला कळले ते या 'धांगडधिंग्या'मुळे.

एक आरोप मान्य. बॉबी फॅरेल रंगमंचावर नुसते ओठ हलवी. तबकडीवरचा पुरुषी आवाज फारियनचा. लबाडीच ती! पण १९४९ च्या 'महल'च्या तबकडीवर लताबाईंऐवजी 'कामिनी' हे पात्राचे नाव छापले गेले, तेव्हा आपला कान नासला नव्हता वाटते?

फॅरेल २०१० साली गेले, फारियन २०२४ साली. मधल्या काळात, २०२१ साली, त्यांचे 'रासपुतीन' नव्या साजात पुन्हा जगभर गाजले. त्या दिवशी बाहेर बेंजो वाजवणारा पोरगा माझा जुना विद्यार्थी. बोनी एम. कोण, त्याला ठाऊक नाही. चाल मात्र बोटांत पक्की बसलेली. पुढल्या वर्षी व्याख्यात्यांनी जरूर यावे. आधी तो वाजवील, मग त्यांनी बोलावे.