गाढवाच्या लग्नाला सगळे वऱ्हाडी

चैत्र लागण्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या राहुट्या उभ्या राहतात. प्रत्येक राहुटीवर फडमालकाच्या नावाची पाटी, आत एक टेबल, चार खुर्च्या आणि तारखांची वही. गावोगावच्या यात्रा कमिट्यांचे लोक येतात, घासाघीस करतात आणि सुपारी देऊन जातात. जुन्नर तालुक्यातले हे गाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते. भाऊ-बापू मांग यांचा फड इथलाच, आणि २००२ साली निवर्तलेल्या विठाबाईंनी 'नारायणगावकर' हे आडनाव महाराष्ट्रभर नेले.

बँकेच्या नोकरीतली माझी चार वर्षे या भागात गेली. आंबेगाव तालुक्यातल्या एका कमिटीच्या म्होरक्याला मी एकदा विचारले, ''यंदा वग कोणता?'' तो म्हणाला, ''साहेब, गाढवाचं लग्न असेल तरच लोक शेवटपर्यंत बसतात.''

दादू इंदुरीकरांनी सावळ्या कुंभार होऊन गाजवलेला हा वग. कुंभाराच्या गाढवाचे लग्न राजाच्या मुलीशी लागते, यापेक्षा विजोड जोडी कोणती असणार? तरी मांडवात बसलेली सारी आळी मुलीकडची नव्हे, तर गाढवाकडची वऱ्हाडी होते.

कथेतल्या दोन पात्रांचे, मूळ कथेला मान्य असो वा नसो, सूत जुळवून देण्याची हौस जगभर आहे. अमेरिकेत १९६६ साली सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक' मालिकेतला कप्तान कर्क आणि त्याचा परग्रहावरचा सहकारी स्पॉक यांच्या प्रेमाच्या गोष्टी सत्तरच्या दशकात चाहत्या स्त्रियांनी लिहिल्या आणि हौशी अंकांतून एकमेकींना वाचायला दिल्या. आजची तरुण मुले ती पात्रे स्वतः होऊन, संवाद रचून हा खेळ खेळतात. वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालतात. पण आपल्या गवळणीत दाढीमिशा काढलेला पुरुष मावशी होऊन पेंद्याशी लाडीगोडी करतो, तेव्हा हीच मंडळी पोट धरून हसत असतात.

आपल्याकडचा या खेळाचा सर्वांत मोठा नायक मात्र देव आहे. खंडोबाची पहिली बायको म्हाळसा वाण्याची, दुसरी बाणाई धनगराची. लोकपरंपरा एवढ्यावर थांबली नाही. शिंपी समाजाची रंभाई, माळ्याची फुलाई आणि चंदाई अशा आणखी तिघी तिने देवाच्या घरात आणल्या. ज्या जातीला देव आपला वाटला, तिने त्याला आपली मुलगी दिली. देवाशी सोयरीक जोडण्याचा हा सरळ लोकशाही मार्ग होता. आंबेगावातल्या धामणीसारख्या खंडोबाच्या गावांत या कथा घरच्यासारख्या माहीत असतात. जागरणात वाघ्या-मुरळी रात्रभर म्हाळसा-बाणाईचे भांडण रंगवतात. २०१४ साली 'जय मल्हार' ही मालिका सुरू झाली, तेव्हा घराघरांत म्हाळसेचा पक्ष आणि बानूचा पक्ष असे तट पडलेले मी पाहिले.

मग आपण मनाने इतके मोठे आहोत का? इथे बँकेत लागलेली सवय आड येते. कागद उलटून मागची अट वाचल्याशिवाय मी सही करीत नसे.

या जोड्यांच्या कागदामागेही अट आहे. वगातले गाढव हे मुळात गाढव नसतेच, तो शाप मिळालेला गंधर्व असतो. धनगरवाड्यावर मेंढरे राखणारा गडी हा खरा देव असतो. काही कथांत तर बाणाईसुद्धा पूर्वजन्मीची पार्वतीची दासी ठरते. म्हणजे जोडी विजोड दिसते तेवढीच; अखेरीस दोन्हीकडचे कूळ वरचेच निघते. शाप आणि अवतार हे या लग्नांचे जामीनदार आहेत. त्यांच्या सह्या असल्याशिवाय प्रेक्षक कर्ज मंजूर करीत नाही. आणि एवढे होऊनही जेजुरीच्या गडावर खंडोबासोबत म्हाळसा वर आहे, बाणाईचे देऊळ अर्ध्या वाटेवर आहे. देवाने जात ओलांडली. पायऱ्या मात्र आपण मोजल्या.

पठ्ठे बापूराव आणि पवळा यांच्यामागे असा जामीनदार नव्हता. तो ब्राह्मण कुलकर्णी, ती महार समाजातली. दोघांपैकी कोणीही अखेरीस गंधर्व निघाले नाही. त्यांच्या लावण्यांवर महाराष्ट्राने जीव टाकला, त्यांच्या जोडीला मात्र धारेवर धरले.

आजही हिशेब फारसा बदललेला नाही. आंतरजातीय विवाहासाठी राज्यात २०१० पासून ५०,००० रुपयांचे अर्थसाहाय्य ठरले. परस्परसंमतीने लग्न करणाऱ्या दोन सज्ञानांना घरच्यांची वा जातीची परवानगी लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले. पण डिसेंबर २०२२ मध्ये राज्य शासनाने अशा जोडप्यांची आणि त्यांच्या माहेरांची माहिती घेणारी समन्वय समिती नेमली. टीका झाल्यावर तिच्या कामातून आंतरजातीय विवाह वगळले, आंतरधर्मीय ठेवले. एका हाताने आहेर आणि दुसऱ्या हाताने चौकशी, असा हा कारभार आहे. २०१६ साली 'सैराट'ला गर्दी करणारे आणि आपल्या मुलीच्या फोनवर पाळत ठेवणारे, हेही पुष्कळदा एकच लोक असतात.

माझ्या टेबलासमोर एकदा असे एक जोडपे बसले होते. ती बागाईतदाराची, तो शेजारच्या गावच्या बौद्ध कुटुंबातला. शासनाच्या मदतीसाठी त्यांना संयुक्त खाते हवे होते. सही करताना तिने एवढेच विचारले, ''बँकेचं पत्र आमच्या गावच्या पत्त्यावर जाणार नाही ना?''

तिचे वडील आमचेच खातेदार. दरवर्षी घरी जागरण घालणारे, बाणाईचा प्रसंग आला की वाघ्याला नोट देऊन पुन्हा म्हणायला लावणारे. पुढच्याच महिन्यात ते मुदत ठेवीची पावती घेऊन आले. वारस म्हणून मुलीचे नाव होते, ते त्यांना काढायचे होते. मी अर्ज पुढे केला. खंडोबाचे नाव माझ्या ओठांवर आले होते; अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून ते काढायला मी कचरलो. ती चूक मला आजही सलते, आणि हा लेख त्या चुकीपोटीच लिहितो आहे.

त्यांनी जुने नाव रद्द केले. नव्या नावाच्या रकान्यात काय लिहू, असे मी विचारले. ते बराच वेळ पेन हातात धरून बसले आणि शेवटी म्हणाले, ''राहू द्या मोकळा.''

ती जागा मोकळी होती, तोवर मला आशा होती. माझी बदली झाली, तेव्हाही ती मोकळीच होती.