सीडीच्या कडेला हिरवा पेन, म्हणजे शिकलेल्यांचा गंडा-दोरा

दुकानाच्या दाराला लिंबू-मिरची दिसली की आपल्या सावेडीतल्या शिकलेल्या मंडळींना हसू येतं. आणि यातलाच कोणी सीडीच्या कडेला हिरवा मार्कर फिरवून "आवाज काय खुललाय!" म्हणतो, तेव्हा आम्ही काय करायचं?

ही टूम 1990 च्या सुमारास परदेशात निघाली. लेसरचा विखुरलेला प्रकाश हिरवी शाई शोषते म्हणे, म्हणून सूर स्वच्छ. अहो, प्लेअरचा लेसर 780 नॅनोमीटरचा, इन्फ्रारेड. तुमच्या डोळ्याला दिसणाऱ्या हिरव्याशी त्याचं काय देणंघेणं? कोणी सीडी फ्रीझरमध्ये ठेवतं. कोणी 'डीमॅग्नेटायझर'वर धरतं. सीडी म्हणजे पॉलिकार्बोनेट प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचा पातळ थर. चुंबक लावून बघा, चिकटतंय का! मग काढताय काय?

ओळखीतल्या एका निवृत्त गुरुजींनी पेन्शनीतून साडेचार हजारांचं असलं यंत्र घेतलं, अभंगांच्या सीडींसाठी. फरक जाणवेना, तर विकणारा म्हणाला, "कान तयार व्हायला महिना लागतो." ओळखीची भाषा वाटते ना? गुण आला नाही की श्रद्धा कमी पडली!

परीक्षा घरीच घ्या. पेन लावण्याआधी चांगली सीडी कॉम्प्युटरवर उतरवा, लावल्यावर त्याच ड्राइव्हमधून पुन्हा उतरवा, दोन्ही फाइली ताडून बघा. सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येक 16 बिटांचा. एकही हललेला नसेल. "आकडे तेच, टायमिंग सुधारतं" असं कोणी म्हणेलच. पण वाचलेले आकडे आधी प्लेअरच्या मेमरीत थांबतात आणि क्रिस्टलच्या ठोक्यावर बाहेर पडतात. कडेच्या शाईला तिथे कोण विचारतो?

खरं दुखणं वेगळंच आहे. सप्त्यातली कीर्तनं, लग्नातली गाणी, आजोबांचा आवाज आपण घरीच सीडीवर 'राइट' करून ठेवलाय. त्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो, ऊन-उष्णतेने तो विटतो. एकदा विटला की कितीही पेन फिरवा. साडेचार हजारांत हार्ड डिस्क येते हो! या रविवारी कपाट उघडा, कॉपी करून घ्या. धूळ असेल तर मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नाही. एवढी एकच युक्ती मला मान्य आहे.

आणि असलं यंत्र कोणी गळ्यात मारलं असेल तर पावती जपा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात कशाला म्हणायचं ते लिहिलेलं आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोग नगरलाच आहे. गुरुजींना म्हटलं, चला, मी येतो सोबत. तर पावतीच नाही. त्याने कच्चं बिलसुद्धा दिलं नव्हतं.